फुली मारलेला धडा

"हे लागेल?" असं म्हणत ते पेन्सिलीचं टोक धड्याच्या नावावर टेकवायचे आणि समोरच्याकडे बघायचे. उत्तरासाठी मात्र थांबायचे नाहीत. आपण तोंड उघडेपर्यंत पेन्सिल हललेली असायची. मुलांना पुढे आयुष्यात लागेल असं वाटलं तर बरोबरची बारीक खूण, नाही वाटलं तर फुली. जूनमध्ये आठवीची नवी पुस्तकं आली की पहिल्या आठवड्यात विज्ञान आणि गणित या दोन्ही पुस्तकांच्या अनुक्रमणिकेवर हा उद्योग चालायचा, आणि आम्ही बाकीचे शिक्षक चहा पीत तो बघत बसायचो.

मुलं त्यांना पाठीमागे 'लागेल सर' म्हणायची. त्यांना ते माहीत होतं. एकदा कुणीतरी फळ्यावर मोठ्या अक्षरात 'लागल सर' असं लिहून ठेवलं होतं. सरांनी खडू घेतला, राहिलेली मात्रा दिली आणि त्याच्याच खाली त्या दिवसाचं गणित मांडलं.

मी त्याच शाळेत मराठी शिकवते. शाळा भिवंडीतल्या नारपोलीत, यंत्रमागांच्या गल्ल्यांत. खिडक्या लावून घेतल्या तरी मागांचा खडखडाट वर्गात येतो, त्यामुळे आमच्या शाळेतला प्रत्येक शिक्षक स्वतःच्या घरीही ओरडूनच बोलतो. शाळा आठवीपर्यंत. नववीला दुसऱ्या शाळेत नाव घालावं लागतं, तिथे जायला दोन मोठे रस्ते ओलांडावे लागतात, आणि तेवढ्यात निम्मी मुलं गळतात. रस्ता हे निमित्त, हे तुम्हाला मी सांगायला नको. आठवी झाली की मुलगा घरच्यांना लूमवर किंवा गोदामात ड्युटीला जाण्याएवढा मोठा दिसू लागतो आणि मुलगी घरात हवी असते. तेव्हा आमच्याकडची आठवी ही पुष्कळांची आयुष्यातली शेवटची इयत्ता.

सरांचं सगळं शिकवणं या एका गोष्टीवर उभं होतं. "बाई, यातल्या निम्म्या पोरांच्या हातात यो शेवटचा पुस्तक हाय," ते मला एकदा म्हणाले होते. वर्गात ते पुस्तकी मराठी बोलत, पण मनातलं बोलायला लागले की त्यांच्या वळ गावची बोली बाहेर यायची. "शेवटच्या पुस्तकात काय ठेवायचा, ते पुस्तक छापनारा कसा ठरवनार? त्यानं आपली पोरं बघितली न्हाईत."

त्यांचं घर वळचं, शेतीवाडीचं. भातखाचरं होती तिथे आता त्यांच्या भावांची गोदामं उभी आहेत. भाऊ मोठ्या गाड्यांतून फिरत आणि हे जुन्या स्कूटरवरून शाळेत येत. आम्ही चिडवायचो की सर, तुमच्या गोदामात एक वर्ग काढा, इथे कशाला मरताय. त्यावर ते डबा उघडायचे. डब्यात बहुधा सुकट असायची. मुख्याध्यापक नाकाला रुमाल लावून खिडकी उघडायला उठत, तेवढ्यात खडखडाट आत येई आणि विषय बुडून जाई.

फुली मारून वाचवलेले तास ते कुठे घालवायचे, ते ऐका. विजेच्या धड्याला त्यांनी घरून लाकडी फळीवर बसवलेला स्विचबोर्ड आणला होता. वर्गातल्या प्रत्येकाने, मुलींनीसुद्धा, प्लग उघडून त्यातल्या तिन्ही वायरी नीट जोडून दाखवायच्या. ज्याचा दिवा लागला नाही त्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं. औषधांच्या रिकाम्या पट्ट्या ते मुलांकडून गोळा करून घेत आणि गोळी कधीपर्यंत चालते, किती वेळा घ्यायची, हे वाचायला लावत. आपत्तीच्या धड्याला तर सगळा वर्ग गुडघ्यांवर आणून, तोंडाला ओला रुमाल बांधून, व्हरांड्यातून जिन्यापर्यंत रांगत न्यायचा. धूर वर जातो, हवा खाली राहते, उभं राहायचं नाही, हे रांगणाऱ्यांनी एका सुरात म्हणायचं. गणवेशाचे गुडघे काळे व्हायचे आणि आया भांडायला यायच्या. सर त्यांना म्हणायचे, धुवून निघेल.

हे सगळं बघून माझ्यासारखीलाही भुरळ पडली. मी कवितांवर फुल्या मारल्या आणि त्या तासांना मुलांकडून अर्ज लिहून घेतले. मला ते जमलं नाही, पण खोटं कशाला सांगू, त्या वर्षी मला फार मोठं काम केल्यासारखं वाटत होतं.

एक दिवस मिशी फुटलेला एक जुना विद्यार्थी पेढे घेऊन आला. तो काम करायचा त्या गोदामाला आग लागली होती आणि तो आणखी तिघांना घेऊन बाहेर पडला होता. "तुम्ही सांगितलेला तसाच रांगत आलो भायेर, सर," एवढंच तो म्हणाला आणि पेढ्याचा पुडा पुढे करून उभा राहिला. सरांनी त्याच्या कोपरावरच्या पट्टीला हळूच हात लावून बघितला आणि वर्गावर निघून गेले. आम्ही सगळे हरखून गेलो होतो. आज मागे वळून बघताना वाटतं, आमची चूक त्याच दिवशी पक्की झाली. कोणता धडा लागेल हे या माणसाला खरोखरच कळतं, असं आम्ही धरून चाललो, आणि त्यांनीही. पुढच्या जूनमधल्या फुल्या ठळक होत्या.

त्यांच्या वर्गात श्रीलता नावाची एक मुलगी होती. वडील तेलंगणातून आलेले, लूमवर कामाला. घरात तेलुगू, गल्लीत हिंदी आणि शाळेत मराठी अशा तीन भाषा ती न अडखळता बोलायची. पहिल्या बाकावर बसायची आणि सरांचं वाक्य न् वाक्य लक्षात ठेवायची. एकदा शिक्षण खात्याचे एक साहेब तपासणीला आले. त्यांनी विचारलं की तारा जन्माला कसा येतो. आकाशातल्या ताऱ्यांवर सरांची दरवर्षी फुली असायची. वर्ग गप्प. मग श्रीलता उभी राहिली आणि हाताची घडी घालून म्हणाली, "साहेब, तो धडा लागणार नाही." साहेबांनी लेखी खुलासा मागितला. सरांनी तो माझ्याकडून लिहून घेतला, कारण त्यांना नम्र मराठी यायची नाही. पुढे कितीतरी दिवस स्टाफरूममध्ये कुणी काही मागितलं की आम्ही ते लागणार नाही म्हणायचो आणि हसायचो.

आता मला जे सांगायचं आहे ते त्याच वर्षीचं आहे. डिसेंबरात आमचं स्नेहसंमेलन असतं. आठवीच्या मुलींचा नाच मी बसवत होते आणि तो काही केल्या बसत नव्हता. मी सरांकडे चार तास मागितले. त्यांनी पुस्तक उघडलं. पुढचा धडा आम्ल आणि आम्लारीचा होता. अनुक्रमणिकेत त्यावर त्यांनी खूण केली नव्हती आणि फुलीही मारली नव्हती, तेवढी एकच ओळ कोरी होती. "हे लागेल?" त्यांनी विचारलं. शाळेत ना लिटमसचा कागद, ना ॲसिडची बाटली. मी म्हणाले, सर, आपल्या मुली काय प्रयोगशाळेत जाणार आहेत? ते किंचित हसले. पोरं मागावर नाहीतर गोदामात जातात, तिथे ॲसिड कुठलं, असं काहीसं म्हणाले आणि फुली मारली. मी चार तास घेऊन गेले. भिवंडीत जन्म गेला आमचा, पण भिवंडीत माग आणि गोदामं सोडून आणखी काय काय चालतं, हे आम्हा दोघांनाही डोळे उघडून बघावंसं वाटलं नव्हतं.

श्रीलता आठवी पास झाली. तिला नववीला जायचं होतं. आईचे गुडघे गेले होते आणि पाठची भावंडं लहान होती. सर एकदा घरी जाऊन वडिलांशी बोलून आले. वडील "देखेंगे" म्हणाले, म्हणजे काय ते आम्हाला कळलं.

तीन वर्षांनी एका दुपारी ती आईला धरून स्टाफरूमच्या दारात आली. मी आधी आईला ओळखलं. श्रीलताने ओढणी उजव्या गालावरून घेऊन कानामागे खोचली होती. दाखल्याची दुसरी प्रत हवी होती. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी जन्मतारखेचा पुरावा लागतो, असं सरकारी दवाखान्यात सांगितलं होतं. सर खुर्चीतून उठले, तिला बसायला दिलं आणि काय झालं म्हणून विचारलं.

तिने ते अगदी वर्गात उत्तर द्यावं तसं सांगितलं. गावाबाहेर एका गाळ्यात नाली साफ करायचं ॲसिड बाटल्यांत भरायचं काम ती करायची. मोठ्या कॅनमधलं जाड ॲसिड पातळ करून भरायचं. तीन महिन्यांपूर्वी एके दिवशी ॲसिड पातळ करणारी बाई आली नव्हती. श्रीलताने ॲसिड बादलीत ओतलं आणि वरून एक मग पाणी टाकलं. ते उसळलं. उजवा डोळा गेला.

"पाणीच तर होतं, सर," ती म्हणाली.

मग ती पुढे म्हणाली, "दवाखान्यातल्या मॅडम बोलल्या, पाण्यात ॲसिड टाकायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही, हे तर आठवीत असतं. तुला शिकवलं नाही काय? मी बोलली, आमच्या सरांनी सगळं शिकवलंय. मीच त्या दिवशी आली नसेल शाळेत."

मी सरांकडे बघितलं नाही. बघण्याची हिंमत नव्हती. दाखला लिहिणं हे लिपिकाचं काम, पण त्यांनी कोरा दाखला मागवून घेतला आणि स्वतः लिहायला बसले. अभ्यासातील प्रगती या रकान्यात उत्तम लिहिलं, वर्तणुकीत उत्तम लिहिलं. सही केली, मुख्याध्यापकांचा सही-शिक्का घेतला आणि कागद तिच्या हातात दिला. ती पाया पडली.

त्या दोघी गेल्यावर त्यांनी कपाटातून तीन वर्षांपूर्वीचा हजेरीपट काढला आणि माझ्यासमोर उघडा ठेवला. तिच्या नावापुढे जूनपासून एप्रिलपर्यंत एकही गैरहजेरी नव्हती. "एक दिवस न्हाय चुकली," ते म्हणाले.

मला राहवलं नाही. मी म्हणाले, सर, ते तास मी मागितले होते.

"तास तुम्ही मागितले," ते म्हणाले, "फुली मी मारली." हजेरीपट मिटून त्यांनी परत कपाटात ठेवला. यावर ते माझ्याशी पुन्हा कधीही बोलले नाहीत, आणि तास मी मागितले होते हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. मला त्या वेळी सुटल्यासारखं वाटलं. याची लाज मला आजही वाटते.

दोन दिवसांनी त्यांनी तिच्या घरी जायचं ठरवलं. मुलीच्या घरी जायचं तर बरोबर बाई असावी म्हणून मला घेतलं. श्रीलताच्या घरच्या खोलीची एक भिंत आणि शेजारच्या कारखान्याची भिंत एकच. आत वीस-पंचवीस माग चालू होते. पाण्याचा तांब्या जमिनीवर ठेवला तर त्यातलं पाणी थरथरत होतं. सर चटईवर बसले, घसा साफ केला आणि म्हणाले की तो धडा मी शिकवला नव्हता.

"काय सर?" श्रीलताने कानामागे हात धरला.

ते पुन्हा म्हणाले. तिला पुन्हा ऐकू गेलं नाही. मग त्यांना ओरडावं लागलं. वर्गात ओरडायचे तसे ते ओरडले, "तो धडा मी शिकवलाच नव्हता. तू गैरहजर नव्हतीस. मी सोडून दिला होता." शेजारच्या दोन बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. जे कबूल करायला माणूस दोन रात्री झोपत नाही, ते शब्द हळू आवाजात, डोळे खाली घालून बोलायचे असतात. त्यांना ते सगळ्या चाळीला ऐकवावे लागले.

श्रीलता त्यांच्याकडे बघत राहिली. ती रडेल असं मला वाटलं. चिडली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे मी आली होती?" तिने विचारलं.

"रोज आली होतीस."

"मग पप्पांना सांगा, सर. ते रोज बोलतात मला. तूच दांडी मारली असणार, त्याची सजा भेटली." एवढं बोलून ती चहा ठेवायला उठली. त्या घरात तीन महिने रोज काय चाललं होतं ते आम्हाला त्या एका वाक्यात कळलं.

वडील सातला शिफ्ट सुटल्यावर आले. केसांत, भुवयांत कापसाचे तंतू. सरांनी त्यांना हिंदीत सगळं सांगितलं, तसंच ओरडून. ते खाली बघत ऐकत राहिले. मग त्यांनी हात जोडले. "सर, आप लडकी को बचाने के लिए अपने ऊपर ले रहे हो," ते म्हणाले. "आप जैसा मास्तर किसको मिलता है."

सर नाही नाही म्हणत राहिले. तो माणूस त्यांच्या पायांशी वाकला. दुसऱ्या दिवशी सर एकटेच हजेरीपट पिशवीत घालून पुन्हा गेले. श्रीलताने बापाला महिना महिना करून तो वाचून दाखवला. बाप म्हणाला, हाजरी तो मास्तर लोग भर देते हैं. आणि हे त्याने वाईट अर्थाने म्हटलं नव्हतं. शाळांमधल्या हजेऱ्या कशा भरल्या जातात ते सगळ्या गावाला माहीत आहे. सरांची हजेरी खरी असायची, पण ते सिद्ध करायला त्यांच्याकडे आमच्यासारख्यांच्या शब्दाशिवाय काही नव्हतं. एवढंच झालं की मास्तर दोनदा घरी आले म्हणून त्या माणसाने मुलीला बोलणं थांबवलं.

पुढच्या जूनमध्ये नवी पुस्तकं आली. सरांनी ती उघडली, नाव घातलं आणि बाजूला ठेवून दिली. त्या वर्षी त्यांनी पुस्तकातला प्रत्येक धडा शिकवला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या स्वाध्यायापर्यंत. तारे शिकवले, बहुपदींचे भागाकार शिकवले, काही म्हणता काही सोडलं नाही. आणि ते चांगले शिक्षक राहिले नाहीत. हे लिहिताना मला जड जातंय, पण व्यक्तिचित्रात माणसाला फुलं वाहायची नसतात. एवढे सगळे धडे पुरे करायचे तर थांबायला वेळ कुठला. स्विचबोर्ड कपाटावर पडून राहिला. रांगणं बंद झालं. वर्गात मुलं फळ्यावरून उतरवून घेत आणि सर पाठमोरे लिहीत राहत. कुणाला समजलं, कुणाला नाही, हे बघायला ते वळत नसत. मुलांनी त्यांना नाव ठेवणंसुद्धा सोडून दिलं.

मी एकदा त्यांना म्हणाले की सर, पूर्वीसारखं थोडं निवडून शिकवा, मुलांना झेपत नाहीये. ते म्हणाले, "निवडायचा म्हंजे कुनाचा तरी डोला निवडायचा, बाई. माझ्याच्यानं व्हनार न्हाय."

फक्त रविवारी ते पूर्वीचे सर असायचे. श्रीलताचा दहावीचा १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता परीक्षेला बसण्याचा अर्ज, त्यांनी स्वतः भरला होता. दर रविवारी वळहून स्कूटरवर येऊन ते तिला शिकवायचे, आठवीपासून पुढे सगळं. ती म्हणायची, सर, हे लागेल का? ते म्हणायचे, ते तू बघ. तिने विचारलेला प्रत्येक प्रश्न ते वहीत टिपून घेत आणि उत्तर माहीत नसलं तर पुढच्या रविवारी घेऊन येत. आयुष्यभर पोरांनी काय शिकायचं ते त्यांनी ठरवलं होतं. आता एका पोरीला ते ठरवू देत होते.

सेवानिवृत्तीला दोन वर्षं असताना त्यांनी राजीनामा दिला. निरोपसमारंभ नको म्हणाले. त्याच हिवाळ्यात एका सकाळी अंगणात तोंड धूत असताना गेले. भावाचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. आम्ही पाच-सहा शिक्षक वळला गेलो. स्मशानाच्या वाटेवर दोन्ही बाजूंना गोदामं, आणि ट्रक वळवायला जागा नसल्याने प्रेतयात्रेमागे त्यांची रांग लागली होती. एकाही ड्रायव्हरने हॉर्न वाजवला नाही. श्रीलता वडिलांबरोबर आली होती. बायकांनी पुढे जायचं नसतं म्हणून ती रस्त्याच्या कडेला माझ्याजवळ थांबली. तिची परीक्षा दोन महिन्यांवर होती.

तिचं राहिलेलं शिकवणं मी अंगावर घेतलं. विज्ञान मला धड येत नाही, पण पुस्तक उघडून दोघींनी वाचत बसायला काय जातं? सरांच्या वहिनींनी त्यांच्या पुस्तकांची एक पिशवी माझ्याकडे पाठवली. त्यात श्रीलताच्या वर्षीचं आठवीचं विज्ञानाचं पुस्तक होतं. मी ते आधी बाजूला काढून ठेवलं. मग वाटलं, हे लपवणारी मी कोण, आणि परत पिशवीत घातलं. एवढंच धाडस मला जमलं.

रविवारी ती आली आणि पिशवीतलं नेमकं तेच पुस्तक तिने पहिल्यांदा बाहेर काढलं. डावा डोळा जवळ नेऊन ती अनुक्रमणिकेवरून बोट फिरवत गेली. खुणा, फुल्या, खुणा. एका फुलीवर बोट थांबलं.

"बाई, हा धडा डिसेंबरात यायचा ना?" तिने विचारलं.

मी हो म्हणाले.

"तेव्हा आपली गॅदरिंगची प्रॅक्टिस चाललेली." तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखर आठवत होतं, आणि आठवून बरं वाटत होतं. "मी मागच्या रांगेत होती. तुम्ही मला पुढे घेतलं. बोललेल्या, हिचा चेहरा बोलका आहे, हिला मधोमध उभी करा."

सरांनी भरल्या चाळीत ओरडून सांगितलं तसं मला त्या वेळी सांगता आलं असतं. घरात आम्ही दोघीच होतो आणि एकच वाक्य होतं. मी म्हणाले, हो, म्हणाले होते मी तसं.

ती हसली. मग तिने पानं उलटून तो धडा काढला, पुस्तक डाव्या डोळ्याजवळ धरलं आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागली.